बाबांच्या खडकाची खूण

आमच्या दांडी गावात माणूस घरातल्या भांडणापासून पोटातल्या दुखण्यापर्यंत सगळं चव्हाट्यावर सांगेल, पण मासे कुठे लागतात ते काही सांगणार नाही. बाबांचा एक खडक होता, पाण्याखालचा. किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत आल्या की खाली खडक आला समजायचं. त्यातली एक म्हणजे वीजप्रकल्पाची चिमणी, एवढं मला ऐकून ऐकून कळलं होतं. दुसरी कोणती, ते नाही. पोरींना सांगत नाहीत. पोरगी सासरी जाते आणि खूणही सोबत नेते म्हणे. जशी काही मी सासरी बोईसरला बोट बांधणार होते! माझा नवरा कारखान्यात कामाला, त्याला होडीत नुसतं बसवलं तरी उलट्या होतात.

ती खूण बाबांखेरीज एकाच माणसाला माहीत होती, ते म्हणजे काका. रक्ताचे नव्हेत, पण बोटीत अर्ध्याचे भागीदार. लहानपणी जत्रेत मला खांद्यावर घेऊन फिरले ते हेच. बाबा सुकाणू धरणार आणि काका जाळं सोडणार, हे मी जन्मापासून बघत आले.

मग एकदा किनाऱ्यावर मांडव उभा राहिला. सरकारी माणसं आली, सोबत एका कंपनीचे टी-शर्ट घातलेले तरुण. मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घालून देत होते, तेही फुकट. वादळाची सूचना मिळेल, बोट बंद पडली तर शोधायला सोपं जाईल, असं सांगत होते. वाईट काहीच नव्हतं त्यात. वर जो घेणार नाही त्याची डिझेलची सवलत अडेल अशी कुजबुज पसरली. कोणी पसरवली देव जाणे, पण मांडवातल्या एकानंही ती खोडली नाही. मग काय, रांगच लागली. बारीक अक्षरातलं इंग्रजी वाचणार कोण? त्यांच्यातल्या एकानंच बाबांचा मोबाइल हातात घेऊन पटापट सगळ्याला ‘हो’ दाबलं.

नारळी पौर्णिमेनंतर बाबा खडकावर गेले, तर तिथे परक्या बंदरांच्या बोटी आधीच जाळी टाकून बसलेल्या. एक दिवस नाही, रोजच. बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. खूण बाहेर गेली म्हणजे कोणीतरी फोडली, आणि ती माहीत कोणाला? काकांना. झालं! बाबांनी बोटीतून काकांची जाळी काढली आणि नेऊन त्यांच्या दारात टाकली. आमच्याकडे याचा अर्थ एकच, तुझा माझा संबंध संपला. काकूनं खूप आदळआपट केली. काकांनी मात्र जाळी उचलून माळ्यावर ठेवली आणि त्यावर चकार शब्द काढला नाही. मला तेव्हा बाबांचा आणि काकांचा, दोघांचाही राग आला होता.

पुढे काका बोटीतला आपला हिस्साही न मागता बोईसरला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. रिक्षातून जाताना मला दिसायचे. अंगावर ढगळ गणवेश, प्लास्टिकची खुर्ची आणि समोर ट्रकांची धूळ. सगळं आयुष्य पाण्यावर काढलेला माणूस तिथे बसून गेट उघडत होता आणि लावत होता. मी उतरून बोलले तर बाबांची तब्येत कशी आहे एवढंच विचारायचे.

एकदा माहेरी गेले असताना बाबांनी मोबाइल पुढे केला. सारखा तापतो, बघ म्हणाले. मी ते अ‍ॅप उघडलं, तर नकाशावर पिवळी वर्तुळं आणि वर लिहिलेलं, आज इथे मासे मिळण्याची शक्यता. दुसऱ्या पानावर बाबांच्या स्वतःच्या फेऱ्यांच्या रेषा. सगळ्या एकाच ठिकाणी जाऊन थांबत होत्या, आणि सगळ्यात मोठं वर्तुळ बरोबर त्याच ठिकाणी! बाबा कुठे जातात, किती वेळ थांबतात, ते त्यांच्याच खिशातला मोबाइल रोज कंपनीला कळवत होता, आणि कंपनी ते अख्ख्या किनाऱ्याला वाटत होती. जी जागा बापानं पोटच्या पोरीला सांगितली नाही, ती मला कंपनीनं दाखवली.

कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली की माहिती ग्राहकाच्या संमतीनंच घेतली जाते, आणि तुमची संमती आमच्याकडे आहे. मी विचारलं, अगं बाई, कशाला हो म्हणतोय ते त्यांना कोणी वाचून तरी दाखवलं का? तिनं तक्रार नोंदवून घेते म्हटलं. तिचा तरी काय दोष! सरकारी कचेरीत गेले, तर ते म्हणाले अ‍ॅप कंपनीचं, आणि कंपनी म्हणते योजना सरकारची. मेलं, धरायचं तरी कोणाला?

बाबांना नकाशा समजावून सांगितला तेव्हा आधी ते शिव्या देत सुटले. त्या दिवशी जेवलेसुद्धा नाहीत.

काकांच्या सुट्टीच्या दिवशी मी बाबांना घेऊन त्यांच्या घरी गेले. काकूनं चटई टाकली, पाणी दिलं; मनानं मोठी बाई. मी काकांना मोबाइल दाखवून सगळं सांगत होते, तेवढ्यात बाबाच बोलायला लागले. कसे चोर हायत बघ, म्हणाले, माझ्या खिशात बसून माझीच चोरी. एकदा तोंडानं इचारायचं तरी होतं. मी काय माणूस नाय? बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोबाइल चटईवर ठेवला.

“कंपनीनं इचारलं नाय म्हणून एवढा तडफडतोस,” ते हळूच म्हणाले. “तू मला इचारलंस?”

बाबांनी मान खाली घातली आणि माझ्यासमोर, काकूसमोर रडायला लागले. काका जवळ सरकले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.