खुर्चीला विचारून बसणाऱ्या इंदूमावशी

कुठेही गेल्या तरी इंदूमावशी आधी खुर्चीशी बोलायच्या. तिच्या पाठीवर थाप मारायच्या, धरून हलवून बघायच्या आणि म्हणायच्या, "काय बाई, सांभाळशील ना?" मग हळूच टेकायच्या. आजूबाजूचे लोक हसायचे, पण मावशी त्यांच्याआधीच हसलेल्या असायच्या. हात असलेल्या खुर्चीला मात्र त्या लांबूनच नमस्कार करत. "हिचं प्रेम जास्त आहे. एकदा धरलं की सोडत नाही मला."

काचीगुड्याला स्टेशनमागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. वरची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती. मी देगलूरची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि नोकरी शोधायला हैदराबादला आले तेव्हा पदवी सोडून माझ्याजवळ काहीच नव्हतं, धीर तर नाहीच. मावशी शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान गेलेले, मुलगा परदेशात. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिल्यानं त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' अगदी घरचे होऊन बसले होते.

पहिल्या मुलाखतीहून मी रडत परत आले. दुसऱ्या दिवशी मावशींनी स्वयंपाकघरात मुलाखत मांडली. त्या साहेब झाल्या, मी उमेदवार.

"अशी काय बसतीस, खुर्चीच्या टोकावर? पळायचंय का?"

"सवय आहे मावशी."

"नक्को ती सवय. पूर्ण मागे बस. जागा आपलीच आहे. बसल्याबद्दल कुणाची माफी मागायची नाही."

दुपारभर त्यांनी मला नुसतं बसायला शिकवलं. नोकरी मिळाली ती पुढच्याच मुलाखतीत. माझं इंग्रजी तेवढंच राहिलं होतं, फक्त बसणं बदललं होतं.

मला हा धडा देणाऱ्या मावशी स्वतः मात्र दवाखान्यात गेल्या की अगदी टोकावर बसत. एकदा त्यांचा कान ठणकत होता. डॉक्टरांनी त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "आधी वजन कमी करा." घरी येऊन मावशींनी सगळ्या गल्लीला हसवलं. "कान दाखवायला गेले तर यानं पोट बघितलं! कानातून चरबी काढणार होता काय की!" हसून झाल्यावर कानात कोमट तेल घातलं आणि पुन्हा त्या दवाखान्याकडे फिरकल्या नाहीत. वजनासाठी त्यांनी काही केलं नाही असं नाही. भात सोडला, धरला, पुन्हा सोडला. पहाटे चालायला जात. पण गुडघा असो की खोकला, डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं. ते ऐकायला कशाला जायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा आधी मी आजारी पडले. आमच्याकडे लेकीची तब्येत सुधारली म्हणजे ती जाड झाली, आणि वाळली म्हणजे बिघडली. त्यामुळे मी काडीसारखी म्हणून सगळ्यांनाच माझी काळजी. देगलूरहून आई फोनवर रडत होती. मावशी मास्क लावून जिना चढायच्या, दाराशी डबा ठेवायच्या आणि धापा टाकत म्हणायच्या, "खा गं. तुझ्या अंगात काही नाही, तुला जपायला पाहिजे. माझं काय, माझ्याकडे साठा आहे." गल्लीतही सगळे तेच म्हणत होते, "इंदूबाईंना काय होतंय? केवढी ताकद आहे!" त्या ताकदीवर विसंबून त्या शेजाऱ्यांची औषधंही आणून देत होत्या.

मी उठून बसले आणि मावशी पडल्या. मला ताप, खोकला येऊन गेला होता. त्यांना दम लागायला लागला. पालथं झोपा असं जो तो सांगत होता, पण पालथं झालं की पोटावर भार येऊन त्या आणखीच गुदमरायच्या. मी घरातल्या सगळ्या उशा रचून त्यांना कुशीवर टेकवलं. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायला गेले की त्या हात पदराखाली घ्यायच्या.

"मावशी, आकडा उतरतोय. दवाखान्यात जाऊ."

"नक्को."

"का नक्को?"

"आधी काट्यावर उभं करतील. मग आकडा असा ओरडतील की आख्ख्या वॉर्डाला कळेल. श्वासाचं राहिलं बाजूला."

मी खिडकीपासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. रस्त्यावरून एक रुग्णवाहिका गेली की दुसरीचा आवाज यायचा. फोनवर मुलगा समजावत होता, त्या ऐकत नव्हत्या. शेवटी मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "मावशी, जागा आपलीच आहे म्हणता ना? मग तिथली खाटसुद्धा आपलीच."

"माझीच काठी माझ्याच पाठीत, हौ?" मावशी म्हणाल्या आणि पाय खाली सोडले.

दवाखान्याच्या दारात वॉर्डबॉयनं प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली. एवढा दम लागलेला असतानाही मावशींनी तिच्यावर थाप मारली. बोलायला मात्र श्वास नव्हता.

मला आत सोडलं नाही. संध्याकाळी एका तरुण डॉक्टरांनी बाहेर येऊन समजावलं. वजन जास्त असलं की पोट खालून छातीला वर ढकलतं, फुप्फुसांना फुलायला जागा पुरत नाही. अशा शरीरात आधीच थोडी धग, म्हणजे आतली सूज असते, या आजारात ती भडकते. जाड माणूस प्रत्येक वेळी अत्यवस्थ होतोच असं नाही, पण धोका जास्त. "म्हणून अशांना उलट सगळ्यांच्या आधी आणायचं असतं," ते म्हणाले. रागावून नाही, थकून. मला तो 'साठा' आठवत होता.

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. आवाज तुटत होता, तरी त्यात हसू होतं.

"अगं, या पोरानं वजनाचं काढलंच नाही."

"मग?"

"आधी विचारलं, 'आई, कोणत्या कुशीवर बरं वाटतं?'" मधे श्वास घेतला. "असा असेल हे ठाऊक असतं तर आधीच आले नसते का गं? हौली मी, अगदी खुळी."

त्यानंतर त्यांना मशीनवर घेतलं. मावशी परत आल्या नाहीत.

वजनाचा धोका खोटा नव्हता, हे मला मान्य आहे. पण तो सांगणाऱ्यांच्या तोंडून मावशींनी इतक्या वर्षांत फक्त टोमणा ऐकला, आणि खरं उपयोगी पडलं असतं ते, 'तुम्ही लवकर या', कुणी म्हटलंच नाही. हा विचार मला अजून एका जागी बसू देत नाही.

मागच्या महिन्यात आईला गुडघ्यासाठी हैदराबादला आणलं आणि इथल्या हिमायतनगरच्या दवाखान्यात घेऊन गेले. तीही अंगानं भरलेली. ती नीट बसायच्या आतच डॉक्टर म्हणाले, "आधी वजन कमी करायला लागेल."

"करू डॉक्टर. त्याचंही सांगा," मी म्हटलं. "पण आधी गुडघा बघा."

आईनं टेबलाखालून माझी ओढणी ओढली. डॉक्टर उठून तिच्याजवळ आले. "कुठे दुखतंय, आई?"

आई खुर्चीच्या टोकावर अवघडून बसली होती. मी तिच्या पाठीला हात लावला.

"पूर्ण मागे बस आई. जागा आपलीच आहे."