सहा नंबरचं जाकीट

आमच्या ऑफिसात तिला सगळे 'चौकशी खिडकी' म्हणायचे. हे नाव मीच ठेवलं होतं आणि त्याचा मला बरेच दिवस अभिमानही होता. तिचं टेबल माझ्यापासून चार पावलांवर. तरी माझ्याकडे काम असलं की ती आधी फोन करायची, "आहात का?" मी तिला समोर दिसत असायचो. हात वर करून दाखवला तरी ती उत्तराची वाट बघायची. मी "आहे हो, कुठे जाणार मरायला" म्हटलं की मगच जागेवरून उठायची.

ही सवय तिला लहानपणी लागली. शेजारच्या गल्लीत मावशी राहायची आणि ही दार ढकलून थेट स्वयंपाकघरात शिरायची. एका सुट्टीत मावशीने घर बदललं आणि हिला सांगायचं राहून गेलं. हिने नेहमीसारखं दार ढकललं, तर आत एक अनोळखी माणूस जेवायला बसलेला आणि टेबलाखाली त्याचा कुत्रा. पोटरीवरचा व्रण तिने आम्हाला एकदा डबा खाताना दाखवला. आम्ही हसलो, तीही हसली. पण म्हणाली, घर तेच होतं, भिंतींचा रंगही तोच होता, म्हणून तर मी बेधडक आत गेले.

आम्ही एका मोठ्या गोदामासाठी प्रोग्रॅम लिहायचो. तिथे उंच मांडण्यांच्या मधून अरुंद बोळ आहेत आणि बोळांतून बिनचालकाच्या गाड्या खोकी घेऊन पळतात. खोकं खाली पडलं की ते उचलायला माणूस आत जातो. जाण्याआधी तो खुंटीवरचं आपल्या नंबरचं जाकीट चढवतो. जाकिटात चिप असते. ती आत आली की प्रोग्रॅम त्या माणसाची नोंद तयार करतो, कुठल्या बोळात आहे, गाडीपासून किती लांब आहे. जाकीट खुंटीवर परतलं की नोंद पुसली जाते. गाडीजवळ असतो तो फक्त नोंदीचा पत्ता, ज्याला आम्ही पॉइंटर म्हणतो. पुढे सरकण्याआधी गाडी त्या पत्त्यावर बघते आणि माणूस वाटेत असेल तर थांबते.

हा भाग मी लिहिला होता. दोन वर्षं तो बिनबोभाट चालला होता आणि त्यावर कुणी बोट ठेवलं की माझं डोकं फिरायचं.

एका शुक्रवारी खिडकीचा फोन आला. आहात का वगैरे झालं आणि ती कागद घेऊन माझ्यापाशी आली. तिचं म्हणणं असं, की माणूस बाहेर गेला, नोंद पुसली, तरी गाडी सकाळी घेतलेला तोच पत्ता उराशी धरून बसते. माणूस चहा पिऊन परत आत गेला की त्याची नवी नोंद होते. आजवर एका वेळी एकच माणूस आत असायचा, म्हणून ती नवी नोंद नेमकी त्याच मोकळ्या झालेल्या जागेत पडत आली. गाडीला खरं दिसत आलं ते निव्वळ नशिबाने.

"सोमवारपासून दोघं एकदम आत जाणार आहेत," ती म्हणाली. "म्हणजे दोन जागा मोकळ्या होणार. कुणाची नोंद कुठे पडेल सांगता येत नाही. गाडी जुन्या जागेत बघेल, तिथे कुणी दिसणार नाही आणि ती निघेल."

मी म्हटलं, मग गाडीला नोंद घट्ट धरू द्या, ती धरून आहे तोवर नोंद पुसलीच जाणार नाही. तिने मान हलवली. तसं केलं तर बाहेर गेलेला माणूसही गाडीच्या लेखी आतच राहील आणि नसलेल्या माणसासाठी गाडी जन्मभर उभी राहील. तिला वीक पॉइंटर हवा होता. तो नोंदीला अडकवून ठेवत नाही. पण त्याला आधी विचारावंच लागतं, नोंद आहे का? असेल तर काम होईपर्यंत तो ती हातात देतो, नसेल तर सरळ नाही म्हणतो. नाही आलं की गाडीने जागच्या जागी थांबायचं, त्या माणसाची नवी नोंद शोधायची आणि ती कुठेच नसेल तरच पुढे जायचं.

"म्हणजे आता गाड्याही तुमच्यासारख्या फोन करणार," मी म्हणालो. आजूबाजूचे हसले. चालू आहे त्याला हात लावू नका, पुढच्या महिन्यात बघू, असं सांगून मी विषय संपवला. जाताना तिने विचारलं, तुमचा धाकटा भाऊ अजून त्याच गोदामात आहे ना? मी हो म्हटलं. मला वाटलं, पडलेलं तोंड झाकायला काहीतरी विचारतेय.

धाकट्याला ती नोकरी मीच लावून दिली होती. आई गेल्यापासून तो माझ्याकडे असतो. मी त्याच्यावर सकाळ-संध्याकाळ खेकसतो आणि त्याच्याशिवाय मला जेवण जात नाही.

सोमवारी तिने जन्मात पहिल्यांदा कुणाला न विचारता काही केलं. ऑफिस उघडायच्या आधी येऊन स्वतःचा बदल गोदामात चढवला. साडेदहाच्या चहानंतर गाड्या बोळात थांबायला लागल्या. अकराला गोदामाच्या मुकादमाचा फोन आला आणि मी भडकलो. ती शांत होती. परत आत आलेल्या माणसाची नवी नोंद गाडीने शोधायची, हा भाग लिहायला तिला दोन दिवस हवे होते. तोवर गाड्या थांबू देत, थांबलेल्या गाडीने कुणी मरत नाही, असं ती म्हणाली.

मी साहेबांना दोन ओळींचं पत्र दिलं. हा बदल काढावा आणि या बाईंना काढावं. खाली झोकात सही केली. बाराला ती कप आणि स्वेटर घेऊन निघाली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं, पण फोन केला नाही. एक वाजता माझा जुना प्रोग्रॅम मी माझ्या हाताने परत चढवला.

तीनला साहेबांनी गाड्या किती वेळा थांबल्या त्याची यादी मागितली. मी लॉग उघडला, म्हणजे गाड्यांच्या हालचाली जिथे आपोआप लिहिल्या जातात तो. दहा बावन्न, तिसरा बोळ, जाकीट सहा. नोंद आहे का? नाही. गाडी थांबली. शेजारी त्याच मिनिटाची जाकीट सहाची नवी नोंद होती. तिसरा बोळ, गाडीपासून साठ सेंटिमीटर.

सहा नंबरचं जाकीट धाकट्याचं.

घड्याळात तीन दहा झाले होते. दुपारचा चहा तीनला, सव्वातीनला दोघं परत आत जाणार. गाड्या बंद करायचं लाल बटण फक्त गोदामात, मुकादमाच्या खोलीत. तिचा बदल परत चढवायला वीस मिनिटं लागली असती. मी धाकट्याला फोन लावला, पण कामावर त्याचा फोन कपाटात असतो. मुकादम उचलेना. ती कुठे असेल याचा विचार न करता मी तिला फोन लावला.

"आहात का?" मी विचारलं.

"आहे. गोदामाच्या दारात," ती म्हणाली. "धाकटा माझ्याजवळ आहे. त्याचं जाकीट मी ओढून घेतलंय, देत नाहीये."

मला हायसं वाटलं. इतकं, की मी खुर्चीत बसून हसलो. ते हसू आजही आठवलं की स्वतःची किळस येते. कारण तिच्या मागे चहाची सुट्टी संपल्याचा भोंगा वाजत होता आणि ती बोलायची थांबली नव्हती.

"दुसरा ऐकेना हो. तो आत गेला."

तो चार नंबरचा, धाकट्याच्याच वयाचा. एकटाच आत गेला, पण त्याची नवी नोंद दुसऱ्या मोकळ्या जागेत पडली. त्या बोळातल्या गाडीजवळ फक्त त्याच्या आधीच्या नोंदीचा पत्ता होता. तिने त्या जुन्या जागेत पाहिलं, तिथे कुणी दिसलं नाही आणि ती निघाली. मुकादमाने बटण दाबेपर्यंत त्याचा डावा पाय घोट्यापासून गेला होता.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकावर धाकटा आणि ती बसले होते. आत चार नंबर जागा होता. मी कोण हे त्याला ठाऊक होतं.

"साहेब, मी अगदी समोर होतो," तो म्हणाला. "गाडीला दिसलो कसा नाही?"

"तिने विचारलंच नाही," मी म्हणालो. "एकीने तिला विचारायला शिकवलं होतं. मी ते काढून टाकलं."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली आणि बाहेरून तिने विचारलं, आत आलं तर चालेल का. त्याने हो म्हटलं, तेव्हा मी उठून तिला खुर्ची दिली.