आईच्या गुडघ्यातलं अस्तर

देवळाली कॅम्पात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं आणि आई शिवणकाम करायची. तिची गिऱ्हाइकं बहुतेक फौजींच्या बायका. बदल्या व्हायच्या, नवे चेहरे यायचे. पंजाबी सलवार आणि मल्याळी ब्लाउज तिच्या टेबलावर शेजारी शेजारी पडलेले असायचे.

मशीन पायानं चालवायचं. संधिवातानं उजवा गुडघा नारळाएवढा सुजला, तरी तिनं मोटर बसवून घेतली नाही. "मोटर आपल्याच वेगानं पळते. मला हवं तिथं थांबत नाही," म्हणायची.

गोळ्यांनी बाकीचे सांधे आवरले होते, हा एक गुडघा मात्र हट्टी. डॉक्टर सुईनं पाणी काढायचे, ते पुन्हा भरायचं. शेवटी त्यांनी नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांध्यात किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन देऊ."

बाबा दचकले. "म्हणजे बॉम्बमधलं?"

"नाही हो. सांध्याला आतून पातळ अस्तर असतं. ते सुजलंय, म्हणून पाणी साठतं. हे औषध तेवढं सुजलेलं अस्तर जाळतं. किरण फार लांब जात नाहीत. झिजलेलं हाड मात्र यानं भरून येणार नाही, हे आधीच सांगते."

आई आता पुढे सरकली. "म्हणजे वरचं कापड धड आहे, अस्तर बिघडलंय?"

"अगदी."

"मग करा. पण पुढच्या आठवड्यात नको, ब्लाउज द्यायचेत."

बाई हसल्या. "औषध खास तुमच्यासाठी मुंबईहून मागवायचं. त्याचा जोर दिवसागणिक उतरतो. ते ब्लाउजसाठी थांबणार नाही."

ठरल्या दिवशी गेलो. गुडघा बधिर केला, पिवळट पाणी काढलं, औषध सोडलं आणि पायाला पट्टी बांधून तो सरळ ठेवला. दोन-तीन दिवस वाकवायचा नाही, अशी ताकीद.

दिवसाउजेडी आडवी पडलेली आई मी पहिल्यांदाच पाहत होते. मशीनवर मी बसले. ती खाटेवरून नुसत्या आवाजावर सांगायची, "धागा ताणतोय. वरचा पेच सैल कर."

ब्लाउज न्यायला केरळची एक फौजीची बायको आली. आई उठायला लागली, तशी तिनं खांद्याला धरून निजवलं. "आंटी, आप मत उठो।" मग घरी जाऊन खोबरेल घेऊन आली आणि आईचे केस सोडून तेल लावत बसली. आईनं डोळे मिटले.

"लग्न झाल्यापासून माझ्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता," ती म्हणाली आणि कळवणच्या तिच्या आईबद्दल बोलू लागली. ती तेल किती रगडून लावायची, वेणी किती घट्ट घालायची. मी मशीन थांबवलं. हे काहीच मला माहीत नव्हतं. त्या बाईला मराठी जेमतेम कळायचं, तरी ती मान डोलवत होती.

पहिल्या आठवड्यात गुडघा आणखी तापला. बाबांनी धसका घेतला. फोनवर डॉक्टरीणबाईंनी धीर दिला, "असं होतं, बर्फ लावा." मग हळूहळू सूज उतरत गेली. दिवाळीच्या कपड्यांना आई पुन्हा मशीनवर बसली. नंतर काही वर्षं गुडघ्यात पाणी झालं नाही. पुढे हाडंच झिजली आणि काठी आली. पण ती मधली वर्षं आईला मिळाली. ती मी अजून आठवत बसते.

त्याच वर्षांत त्या केरळच्या बाईच्या नवऱ्याची बदली झाली. तिला निरोप द्यायला आई देवळाली स्टेशनचा पूल कठडा न धरता चढली. खिडकीतून दोघींनी हात धरले होते, गाडी हलेपर्यंत.

परतताना मी रिक्षाला हात केला. आई ऐकेना. बाजारातून चालतच निघाली आणि एका हातगाडीपाशी थांबून दोन्ही पायांवर सारखा भार देत मटार निवडू लागली.