अँडीजचे धुरे

पेरूहून परत आलो तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये सहाशेच्या वर फोटो होते आणि पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत ते पाहायला दहा माणसंही तयार नव्हती. आता तुम्हीच सांगा, जन्मभर सातवीच्या पोरांना भूगोल शिकवलेल्या माणसानं अँडीज पर्वत डोळ्यांनी पाहून यावा आणि कोणाला दाखवू नये? मुलीनं हट्टानं नेलं होतं आम्हा दोघांना. शेवटी मीच शेजाऱ्यांना चहाला बोलावलं आणि टीव्हीवर फोटो लावले. माचू पिच्चूचे ते बिनगाऱ्याचे चिरे, ज्यांच्या फटीत सुरीचं पातंही जात नाही, ते पाहून समोरचे निवृत्त साहेब म्हणाले, यावर स्लॅब काऊन नाई टाकत? माझं डोकंच फिरलं. बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती.

पण खरं सांगू का, मला ते फोटो एकाच माणसाला दाखवायचे होते. रोहण्याला शेती करणाऱ्या माझ्या मोठ्या भावाला. आणि दादा माझ्याशी तीन वर्षांपासून बोलत नव्हता.

कारण धुरा. दोन वावरांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात आणि त्याच्यापायी सख्खे भाऊ वैरी होतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. आपलं तसं होणार नाही, अशी घमेंड होती. वडिलांमागे वाटण्या झाल्या, माझा हिस्सा मी बटईनं, म्हणजे अर्ध्या पिकाच्या बोलीवर, दुसऱ्याला कसायला दिला. तो बटईवाला एकदा म्हणाला, गुरुजी, तुमचे भाऊ धुरा सरकवून राह्यले. झालं! दादाला एका शब्दानं न विचारता मी सरकारी मोजणी मागवली. मोजणीत निघालं काय, तर धुरा सरकला होता तो माझ्याच बाजूनं, दादाच्या वावरात, चांगला दोन हात. दादा तेव्हा काही बोलला नाही. त्यानंतरही बोलला नाही.

तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हा वहिनीचा फोन आला. सोलेभात करते, दोघंही या, अन् ते फोटो आणजा. मी आधी नाही म्हटलं. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मुकाट्यानं चपला घातल्या.

दादा ओसरीवर शेंगा सोलत बसला होता. त्यानं माझ्या बायकोला प्रवास कसा झाला ते विचारलं आणि माझ्याकडे पाठ फिरवली. मी वहिनीजवळ बसून मोबाइल काढला आणि वर्गात बोलतो तशा आवाजात सांगायला लागलो, म्हणजे ओसरीच्या टोकापर्यंत ऐकू जावं. गोल टोप्या घातलेल्या बाया, त्यांच्या पाठीवर झोळीत बांधलेली लेकरं, मातीच्या विटांची घरं. मग एक अख्खा डोंगर आला, पायथ्यापासून माथ्यापर्यंत शेतीच्या पायऱ्या कोरलेला. वहिनीनं विचारलं, ह्या रेघा कायच्या जी?

आणि मी, इतका शिकलेला माणूस, पटकन बोलून गेलो, "धुरे आहेत ते."

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या घरात तीन वर्षं तो शब्द कोणी काढला नव्हता. दादा उठला. आता हा आत निघून जाणार, असंच वाटलं मला. पण तो माझ्याजवळ येऊन बसला, मोबाइल घेतला आणि हात लांब करून कितीतरी वेळ तो डोंगर पाहत राहिला.

"इतले धुरे," तो म्हणाला. "भांडत नसतीन काय हे लोक?"

मी सांगितलं की तिथं पेरणीला आज सगळे याच्या वावरात जातात, उद्या त्याच्या. आम्हाला तिथल्या एका म्हातारीनंच सांगितलं.

"अन् मोजणी?"

तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"चुकलं माझं, दादा," मी म्हटलं. "तुले विचाराले पायजे होतं मी."

त्यानं बोट धोतराला पुसलं आणि स्वतःच पुढचा फोटो सरकवला. नेमका तो मुलीनं काढलेला होता. मी एका दगडावर मान टाकून बसलोय, चेहरा पांढराफटक, आणि बायकोनं माझ्या नाकाशी ऑक्सिजनची नळी धरलीय.

"हे काय झालतं तुले?"

मी म्हटलं, काही नाही, उंचीवर हवा विरळ असते, थोडा दम लागला, तासाभरात बरा झालो.

"इतलं झालं अन् मले फोन नाई? मी काय मेलो होतो?" दादा असा ओरडला की शेजारची बाई डोकावली. मग या वयात डोंगर चढायची काय गरज होती, लहानपणापासून याची छाती कमजोर, याले कोणी नेलंच काऊन, असं त्याचं सुरू झालं ते वहिनीनं ताटं वाढली तरी थांबेना. एरवी कोणाचं अर्धं वाक्य मी ऐकून घेत नाही. त्या दुपारी सोलेभात निवत होता, दादा मला झाडत होता आणि मी मान खाली घालून त्याचा शब्दन् शब्द ऐकत होतो.