दगडाची ऊब

गल्लीत त्याला सगळे चावीकाका म्हणत. चर्च होतं तेव्हाही किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच कमरेला होता आणि चर्चचं वाद्यसंग्रहालय झालं तेव्हाही तिथेच राहिला. माणसं पांगली, पाळक गेले ते गेलेच, बाकं भिंतीकडेला सरकली आणि लोक जिथे गुडघे टेकायचे तिथे काचेच्या कपाटांत जुनीपुराणी वाद्यं येऊन बसली. कुणाचं पोट फुगलेलं, कुणाची मान वाकलेली. चावीकाका म्हणायचा, "आधी माणसांचा खोकला ऐकायचो, आता लाकडाचा ऐकतो. झाडू तोच."

फरक पडला तो थंडीत. पूर्वी तळघरातली कोळशाची भट्टी हिवाळाभर धगधगायची. जमिनीतल्या लोखंडी जाळ्यांतून ऊब वर यायची, म्हातारे मुद्दाम जाळीजवळची जागा धरून बसायचे. संग्रहालय झालं आणि भट्टी विझली. जुनं लाकूड एकदम तापलं की सुकतं, आकसतं आणि फाटतं. म्हणून आत बारा महिने तोच गारठा आणि तोच ओलावा. ओलावा राखायला एक यंत्र कोपऱ्यात घुरघुरत असायचं. भट्टीला हात लावायचा नाही, हे संचालकबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यानेही मान डोलावली होती.

त्याची बायको छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली. संग्रहालयाच्या पाठीला चिकटलेल्या खोलीत तीन गोधड्यांखाली पडून ती म्हणायची, "अहो, मला इथूनच न्या. आपलं लग्न लागलं त्या दारातून. पण आतल्या त्या बर्फासारख्या गारठ्यात नका हो ठेवू. आधीच हाडं गारठलीत माझी."

"बरं बरं," तो म्हणायचा. "तू आधी औषध घे."

ती गेली. चावीकाका बाईंकडे गेला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. बाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या, पण मनाने मोठ्या. विश्वस्तांशी भांडून त्यांनी परवानगी आणली. सकाळी दार उघडण्याआधी एक प्रार्थना, एक गाणं आणि शेवटचा निरोप.

"काका, हे नीट पार पडू दे," त्या म्हणाल्या. "मग गल्लीतल्या बाकीच्यांनाही देता येईल. विश्वस्त तेवढंच बघतायत."

बाकीचे म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक चावीकाकाचा थोरला भाऊ, जुना सुतार. ती बाकं त्याच्या हातची होती आणि आता पायातलं बळ गेल्याने तो चाकांच्या खुर्चीत होता. दुसरी कोपऱ्यावरची शिंपीणबाई. तिचा नवरा तिथूनच गेला होता आणि आपणही तिथूनच जायचं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

आदला दिवस संग्रहालयाच्या सुट्टीचा होता. शवपेटी वेदीसमोर आणून ठेवली. माणसं गेली. चावीकाका एकटाच उरला. पेटीच्या फळीवर त्याने हात ठेवला, तर फळी बर्फासारखी. आणि मग त्याचे पाय जिथे आयुष्यभर जायचे तिथे गेले. उद्या प्रेत म्हटलं की आज भट्टी पेटवायची, हा त्याच्या उभ्या आयुष्याचा रिवाज. दगड उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, हे त्याच्याएवढं कुणाला कळणार! एक घमेलं कोळसा टाकू, तासाभरात विझवू. लाकडाला काय पत्ता लागतोय! एका घमेल्याची दोन झाली. वर येऊन जाळीवर तळवा धरला, तर ऊब नुकती कुठे चढत होती. त्याने आणखी एक ओतलं.

सकाळी म्हातारेकोतारे आत शिरले ते कान झाकूनच, आणि आत येताच मफलर सोडू लागले. "अगं बाई, गरम आहे की!" शिंपीणबाई म्हणाली आणि थेट जाळीजवळ जाऊन बसली. थोरल्याने खुर्चीतल्या खुर्चीत डोळे मिटून घेतले. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

गाणं सुरू झालं. शिंपीणबाई कुजबुजली, "घरभर वाद्यं आणि सूर धरायला एक नाही. देवा रे!" दोघंतिघं तोंडावर हात धरून हसले.

टच्च.

सुकी फांदी मोडावी तसा आवाज. गाणं अडखळलं आणि पुन्हा सावरलं. थोरल्याने डोळे उघडले. लाकडात जन्म गेलेला माणूस तो. "फाटलं," तो स्वतःशीच म्हणाला. तोवर दुसऱ्या कपाटातून आवाज आला, मग कमानीखालच्या मोठ्या पियानोतून. आत दबलेला, जाडजूड.

बाई उशिरा पोचल्या होत्या. दारातच त्यांनी हातमोजे काढले, तळवा हवेत धरला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या धावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. गाणं संपेपर्यंत शेवटच्या बाकावर बसून राहिल्या. चावीकाकाला ते चार लोकांसमोर कानाखाली खाण्यापेक्षा वाईट होतं.

आग तर कालच विझली होती. पण दगड निवायला तयार नव्हता. पेटी बाहेर गेली, माती झाली, तरी संध्याकाळपर्यंत कपाटं तडतडत होती. दारं उघडावीत तर बाहेरची कोरडी बोचरी हवा आत, न उघडावीत तर आतली धग. बाई ओले पडदे टांगत होत्या आणि चावीकाका बादल्या भरत होता.

"मीच पेटवली," तो म्हणाला.

"कळलं मला. काका, विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात तुम्ही."

"म्हणूनच विचारायचं असतं ना!" बाईंनी पाठ फिरवली.

विश्वस्तांना वेळ लागला नाही. जुडगा कमरेवरून सुटला. खोलीत उन्हाळ्यापर्यंत राहा म्हणाले, तीही बाईंचीच रदबदली. आणि यापुढे त्या दारातून कुणाचंही प्रेत जाणार नाही, हेही ठरलं.

तो थोरल्याकडे गेला. थोरला गळ्यापर्यंत पांघरूण ओढून पडला होता.

"मिळेल का रे मला?"

"नाही, दादा."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही."

थोरल्याने मान त्याच्याकडे वळवली. "काय भूत शिरलं होतं तुझ्यात?"

"ती गारठली होती."

"मेलेलं माणूस गारठत नसतं, गाढवा. गारठतो तो जिवंत." मग म्हणाला, "शिंपिणीला सांगितलंस?"

"तोंड नाही मला."

"मग कुणाचं तोंड नेणार? जा. माझ्यापेक्षा तिला घाई आहे."

कोपऱ्यावर शिलाई मशीन चालू होतं. त्याला बघताच शिंपीणबाईने बूड सरकवून स्टूल पुढे केलं. "या चावीकाका! काय ऊब होती हो त्या दिवशी. वहिनीचं सोनं झालं. मी आमच्या सुनेला सांगून ठेवलंय, माझ्याही वेळी त्या काकांना म्हणावं…"

"बाई, ते दार बंद झालं."

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. सगळं, भट्टीपासून. शिंपीणबाईने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. शिव्या देईल म्हणून तो खाली मान घालून बसला. तिने दिल्या नाहीत.

"मग आम्ही जायचं कुठून?" तिने विचारलं.

तिने कापड सुईखाली सरळ केलं आणि पाय पुन्हा पायडलवर ठेवला.