तापवलेल्या लाकडाचा शिक्का

"शी! नाक दाबा, जगाचा नियम आला," असं म्हणून बाई खरोखरच दोन बोटांनी नाक दाबायच्या. परदेशी गिऱ्हाइकाची नवी सूचना आली की हे ठरलेलं.

कागलच्या एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत त्या माल पाठवणीचं काम बघायच्या, मी शेजारच्या टेबलावर खरेदीचं. आवाज असा, की भट्टीवरची माणसं वळून बघत. तुमच्याही ऑफिसात असं माणूस असेल. एरवी सगळे टाळतात, अडलं की त्याच्याकडेच जातात.

आमचा माल लाकडी खोक्यांतून परदेशी जाई. लाकडातली कीड मारूनच खोकी पाठवा, असा एक जागतिक करार. त्यासाठी आम्ही विषारी गॅस मारायचो. तो गॅस ओझोनचा थर खातो, म्हणून तो बंद करा, असा दुसरा करार. दोन्हींचं भांडण नको म्हणून करार करणाऱ्यांनीच वाट काढली होती: कीड मारण्यापुरती गॅसला सूट.

"किड्याचं बघितलं, आभाळाचं बघितलं. गॅसमधल्या माणसाचं कोण बघणार हाय?" बाई विचारायच्या.

एकदा खोकी भरणाऱ्या उचगावच्या सदाशिवला गॅस पुरता निघायच्या आधीच कंटेनरमध्ये पाठवलं. तो ओकत बाहेर कोसळला. बाईंनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बरबटलेल्या साडीनंच परतल्या आणि गिऱ्हाइकाच्या प्रतिनिधीबरोबर ऑनलाइन मीटिंगला बसल्या. तो गोड हसून म्हणाला, "आम्ही फक्त पर्यावरण बघतो. कामगारांचे नियम दुसऱ्या संस्थेकडे."

"व्हय? मग ही ओकारी कुणाच्या खात्यात घालू?" बाईंनी पदर कॅमेऱ्यासमोर धरला.

पुढं गिऱ्हाइकानंच सांगितलं, गॅस अजिबात नको, लाकूड तापवून कीड मारा. ते महाग. मालकांनी गॅस चालूच ठेवला आणि बाईंना म्हणाले, "खोक्यांवर लाकूड तापवल्याचा शिक्का मारा, झालं."

बाईंनी शिक्का शाईत दाबला आणि स्वतःच्या मनगटावर उमटवला. "तापलीया ती मी, साहेब. लाकूड न्हाय." डबा उचलून त्या चालत्या झाल्या.

शिक्का मारायला दुसरा माणूस लगेच मिळाला. वर्षअखेरीस आभाळ जपल्याबद्दल गिऱ्हाइकानं आम्हाला मानचिन्ह पाठवलं. मालकांनी पेढे वाटले. माझा मी गेटवर नेला.

सदाशिव आता गेटवर बसतो. हात थरथरतात, जड काम होत नाही. त्याला दिलेला पेढा बोटांतून निसटून धुळीत पडला. तो म्हणाला, "बाई कुठं असत्यात वो आता?"