कावळ्याने मिळवून दिलेली गिऱ्हाइकं

नागोराव माणसांकडे बघत नसत, माणसांच्या खिडक्यांकडे बघत. बोईसरच्या रस्त्याने चालताना त्यांची मान कायम वर. त्यापायी ते एकदा शेणात गेले होते, एकदा उघड्या गटारात आणि एकदा थेट हवालदाराच्या अंगावर. पण कुठल्या इमारतीची कुठली काच धुरकटली आहे आणि कुठल्या छज्ज्यावर कबुतरांनी वतनदारी थाटली आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं.

परभणीहून इथे येऊन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कापड रंगवण्याच्या कारखान्यात काढली. रंगखातं बंद पडलं आणि ते घरी बसले, तेव्हा त्यांना साक्षात्कार झाला. या गावात समुद्राकडून खारी हवा येते, कारखान्यांकडून काजळी येते, आणि दोघींची गाठ पडते ती लोकांच्या काचांवर. म्हणजे धंदा देवानेच काढून ठेवला आहे, आपण फक्त फडकं घेऊन उभं राहायचं.

देवाने धंदा काढला होता खरा, गिऱ्हाईक काढायचं तेवढं राहून गेलं होतं.

सगळ्या बोईसरात त्यांची गिऱ्हाइकं दोन. एक दातांचा दवाखाना आणि एक चष्म्याचं दुकान. बाकी गावाला खिडकी पुसायला माणूस बोलवायचा असतो हेच ठाऊक नव्हतं. नागोरावांनी रंगीत पत्रकं छापली आणि वर्तमानपत्रांतून घरोघर टाकली. त्यावर एकच फोन आला, तो छापखान्यातून. आणखी छापायची आहेत का, असं ते विचारत होते. मग त्यांनी इमारतींखाली उभं राहून वर बघत हिशेब मांडायला सुरुवात केली, तर एका वॉचमनने त्यांना चोर समजून बसवून ठेवलं. सुटका करायला त्यांच्या बायकोला, गोजराबाईंना, जावं लागलं.

"चोर कशाचे आलेत," त्या वॉचमनला म्हणाल्या. "परभणीला असताना घरातला आरसा पूस म्हटलं तर ह्यांच्या खांद्यात कळ यायची. आता दुनियेच्या काचा पुसत हिंडतेत."

हे ऐकून वॉचमनने नागोरावांना चहा पाजला. दुःख ओळखीचं असावं.

गोजराबाईंचा भाऊ पुंजाराम गोदामांना सुरक्षारक्षक पुरवायचा. भावजींची परवड त्याला बघवेना. एके दिवशी तो निळा गणवेश घेऊनच आला. त्याला पिवळी बटणं होती आणि दोरीला लटकवलेली शिट्टी होती. काम काय, तर गोदामाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचं. दसऱ्यापर्यंत जागा राखून ठेवतो, त्यानंतर मात्र दुसऱ्याला देईन, असं बजावून त्याने गणवेश खुंटीला अडकवला आणि तो गेला. तेव्हापासून नागोरावांना जेवताना समोर तो गणवेश दिसायचा. त्यांना तो रिकामा वाटतच नसे. आत कुणीतरी आहे, आणि ते आपणच आहोत, असं वाटे.

तशी त्यांना कष्टाची भीती नव्हती आणि खुर्चीचीही नव्हती. भीती होती ती वेगळीच. रंगखात्यात इतकी वाफ असायची की शेजारच्या माणसाचं नाक दिसायला त्याला शिंकावं लागे. आता काच पुसली की पलीकडचं झाड एकदम पुढे येऊन उभं राहायचं. त्या झाडाला पहिल्यांदा बघणारे आपणच, असं वाटून नागोराव फडकं हातात धरून खुळ्यासारखे हसायचे. उतारवयात सापडलेलं हे हसू गोदामाच्या दारात हरवेल, एवढीच धास्ती होती.

दसरा तोंडावर आणि त्याआधी पितृपक्ष. ज्याला विचारावं तो म्हणे, आता पंधरवडा नवं काही नको, घट बसल्यावर बघू. शेवटी नागोराव एका मोठ्या सोसायटीचे सेक्रेटरी शांताराम यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. शांताराम मूळचे मुरब्याचे, दर्यावर जगणाऱ्या घरातले, पण फाईल सोडून त्यांनी कधी काही ओढलं नव्हतं. धाकटा भाऊ विनोद गावी वडिलांची होडी चालवायचा. होडीतला आपला वाटा शांताराम दर वर्षी मागायचे, दर वर्षी विनोद ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, आणि आई गोदूबाई दोघांच्या मध्ये पानाचा डबा उघडून बसायच्या.

शांताराम म्हणाले, उद्या सर्वपित्रीला बाबांचं पान आहे, स्वयंपाकघराची खिडकी तेवढी करून दाखवा. आवडली तर दिवाळीआधी सगळ्या इमारतीला सांगतो.

सगळी इमारत म्हटल्यावर नागोरावांनी त्या एका खिडकीवर जीव ओवाळून टाकला. रुळांतली कबुतरांची पिसं दातकोरण्याने उपसली, बाहेर झुकून मीठ खरवडलं, लिंबू फिरवलं, कागद घासला. संध्याकाळी काच आहे की नाही हे बघायला गोदूबाईंनी बोट लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागोराव निकाल ऐकायला गेले. शांतारामांनी त्यांना जेवायलाच थांबवलं. खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर केळीच्या पानात भात, वडे, खीर आणि शांतारामांच्या वडिलांच्या, जानूबाबांच्या, आवडीचे तळलेले बोंबील मांडले होते. काच सरकवून बंद केली होती आणि तिच्याआड मुरब्याहून आलेल्या विनोदसकट सगळं घर दाटीवाटीने उभं होतं. काच इतकी नितळ, की पानातला प्रत्येक बोंबील मोजता यावा.

कावळा लगेच आला. एकदम तुकतुकीत आणि मानी. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण तो शिवल्याशिवाय कुणाला जेवता येणार नव्हतं. पण कावळ्याने पानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने मान तिरकी केली, काचेकडे डोळे वटारले आणि चोच हाणली. टक. मग पुन्हा टक.

"रुसलाय तो," गोदूबाई म्हणाल्या. "ह्यो जल्मभर असाच. ताट वाढलं का आधी भांडन."

मग जानूबाबांचं काय राहून गेलं याचा शोध सुरू झाला. शांतारामांनी हात जोडून गावच्या घराचे पत्रे बदलायचं कबूल केलं. टक. थोरली सून दीपिका म्हणाली, दर महिन्याला मुरब्याला येऊन राहीन. टक टक. विनोदला भूक अजिबात सोसत नसे. त्याने तंबाखू सोडली. कावळ्याला तेही पटलं नाही. आतून वड्यांचा वास येत होता आणि वचनं वाढत चालली होती. एवढ्यात पंख फडकावून कावळा काचेवर असा आदळला, की शांतारामांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पँटशर्टातला साहेब गळून पडला.

"बाबा," ते म्हणाले, "होडी विनोदची. मी परत मागनार नाय."

विनोद भावाकडे बघत राहिला. गोदूबाईंनी पदर तोंडाला लावला.

टक.

मागे उभ्या असलेल्या नागोरावांच्या मात्र एव्हाना सगळं लक्षात आलं होतं. कावळा डावीकडे सरकला की काचेतलाही कावळा सरकायचा. त्याने चोच उघडली की तोही उघडायचा. ऊन बाहेर, अंधार आत, आणि मधली काच लिंबू लावून आरसा झालेली. बापाचा आत्मा वगैरे काही रुसला नव्हता. एक कावळा दुसऱ्याला पानाजवळ येऊ देत नव्हता, आणि तो दुसरा नागोरावांनी काल स्वतःच्या हाताने तयार केला होता.

बोलावं तर श्राद्धाचा खोळंबा आपल्या माथी. इमारत गेली, दिवाळी गेली, आणि खुंटीवरचा गणवेश अंगात आलाच म्हणायचा. न बोलावं तर ही भोळी माणसं संध्याकाळपर्यंत फ्लॅटसुद्धा देऊन मोकळी होतील. नागोराव पुढे सरकले.

"साहेब," ते म्हणाले, "बाबा रागावलेले न्हाईत. माझी काच चुकली. जास्तच पुसली गेली."

हे आधी कुणाला कळलंच नाही. मग त्यांनी कावळ्याकडे आणि काचेतल्या कावळ्याकडे बोट दाखवलं. बघता बघता सगळ्यांची तोंडं उघडी राहिली. गोदूबाई मात्र एका शब्दानेही काही न विचारता आत गेल्या, दात घासायच्या मशेरीची डबी आणली आणि पाण्यात कालवून नागोरावांपुढे धरली.

"लाव," त्या म्हणाल्या. "चांगली जाड लाव."

नागोरावांनी खिडकी सरकवली. आदल्या दिवशी जिच्यावर जीव ओवाळला त्याच काचेच्या बाहेरच्या अंगाला त्यांनी काळ्या मशेरीचा पंजा फासला. उडालेला कावळा परत आला, शत्रू पळालेला पाहून जरा ऐटीत चालला, आणि त्याने पहिला बोंबील उचलला.

पानं वाढली गेली. पहिल्याच घासाला विनोदने विषय काढला, की चूक काचेची होती, तेव्हा तंबाखूचं काही धरायचं नाही.

"कावल्याला दिलेला सबूद मागं घ्यायचा नसतो," गोदूबाई म्हणाल्या. "त्याने सगलं आयकलंय."

त्या बोलत होत्या विनोदशी, पण बघत होत्या थोरल्याकडे. शांतारामांनी उठून भावाच्या पानात आणखी एक वडा वाढला. विनोदने तो मुकाट्याने खाल्ला आणि खिशातली पुडी काढून आईपुढे ठेवली.

या सगळ्यात इमारतीचं नाव कुणीच काढलं नाही. नागोराव पोट भरून आणि मन रिकामं करून घरी आले. खुंटीवरच्या गणवेशाची बटणं त्यांनी एकदा मोजली.

पण गोदूबाईंच्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे बोंबील फ्रीजमध्ये गुपचूप राहणं. संध्याकाळी त्यांनी ती लिफ्टमध्ये सांगितली, सकाळी मासळीबाजारात, आणि मुरब्याला गेल्यावर तर साभिनय. सातपाटीत पोचेपर्यंत कावळ्याची चोच वाकडी झाली होती. घिवलीत तो बेशुद्ध पडला होता.

घट बसून तीन दिवस झाले त्या सकाळी नागोरावांचा फोन वाजला. मग वाजतच राहिला. "कावळा फसला ती काच तुम्हीच पुसलीत का हो?" सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. शांतारामांनी सूचनाफलकावर सगळ्या इमारतीचा कार्यक्रम लावला, फक्त खाली एक तळटीप टाकली, की ज्यांच्याकडे श्राद्ध असेल त्यांनी आधी कळवावं. स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा मशेरीचा पंजा मात्र गोदूबाई पुसू देईनात. पुढल्या वर्षी लागेल, म्हणत. आसपासच्या लखलखीत काचांत तो काळा पंजा रस्त्यावरूनही दिसायचा, आणि नागोराव नव्या गिऱ्हाइकाला आधी तिथेच नेऊन उभं करायचे.

दसऱ्याला पुंजाराम गणवेश न्यायला आला. त्याला सोनं देऊन झाल्यावर गोजराबाईंनी गणवेश दिला. तो फडक्याच्याही उपयोगाचा नव्हता, कापड पाणीच शोषत नव्हतं. शिट्टी तेवढी त्यांनी ठेवून घेतली. नवरा दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या छज्ज्यावर असायचा, हाका मारून मारून घसा बसायचा.

आता दुपारी डबा घेऊन त्या इमारतीखाली उभ्या राहतात आणि मान वर करून जोरात शिट्टी वाजवतात. वरून नागोराव फडकं हलवतात. वॉचमन चहा सांगतो.